इंग्लंडमधलं लाकडी सांगाड्याचं शेतघर वाचायचं कसं? क्रम, खुणा आणि नेहमी होणाऱ्या चुका

केंट किंवा ससेक्समधलं एखादं जुनं शेतघर बघायला गेलेली माणसं बहुतेक एकाच क्रमाने चुकतात. आधी काळ्या तुळया बघतात, मग चुलीवर कोरलेलं साल वाचतात, तुळयांमधल्या रिकाम्या खाचा दाखवून कुणी 'हे जुन्या जहाजाचं लाकूड' म्हणालं की ते मान्य करतात, आणि घराचा काळ ठरवून मोकळे होतात. मोजमाप त्यानंतर होतं, आणि तेही आधीच ठरवलेल्या काळाला जुळेल असं. हा क्रम उलटा करायला हवा. आधी खण, मग सांधे, मग हरवलेल्या भिंती, मग छप्पर, मग नंतर घातलेले मजले आणि धुराडी, आणि काळ अगदी शेवटी.

हे टिपण आग्नेय इंग्लंडमधल्या, म्हणजे केंट, ससेक्स, सरे या भागातल्या, साधारण १४व्या ते १६व्या शतकातल्या ओक लाकडाच्या शेतघरांसाठी आहे. यातला सर्वांत ओळखीचा प्रकार म्हणजे 'वील्डन' घर: मधे जमिनीपासून छपरापर्यंत उघडा हॉल, दोन्ही टोकांना दुमजली भाग, त्यांचे वरचे मजले पुढे काढलेले, आणि या सगळ्यावर एकच सलग छप्पर. पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे दिसणारी 'क्रक' घरं, म्हणजे जमिनीपासून निघून शेंड्यावर भेटणाऱ्या वक्र लाकडांच्या जोड्यांवर उभी राहिलेली, केंटमध्ये सापडत नाहीत. त्यांचे सांधे वेगळे, पण बघण्याचा क्रम हाच.

वारसा-जतनाचं शिक्षण घेणाऱ्यांना आणि ब्रिटनमध्ये राहून असं घर घ्यायचा विचार करणाऱ्यांना, दोघांनाही हे वापरता येईल.

## ० . घरात पाऊल टाकण्याआधी

संरक्षित जुन्या इमारतींची सरकारी यादी बघा. 'नॅशनल हेरिटेज लिस्ट फॉर इंग्लंड' इंटरनेटवर फुकट बघता येते. इमारत ग्रेड एक, दोन-तारांकित किंवा दोन यांपैकी कशात आहे ते आणि तिचं वर्णन टिपून ठेवा. मात्र अनेक वर्णनं रस्त्यावरून बघून लिहिलेली आहेत. वर्णनात छपराचा उल्लेख नाही याचा अर्थ छपरात काही नाही, असा होत नाही. यादीतली तारीखही तपासायची आहे, गृहीत धरायची नाही.

यादीतल्या इमारतीत परवानगीशिवाय तिच्या स्वरूपाला धक्का लावणारं काम करणं हा १९९० च्या कायद्याखाली फौजदारी गुन्हा आहे. गिलावा खरवडून 'जरा आत काय आहे बघू' हेही त्यात येऊ शकतं. या टिपणातलं सगळं काम फक्त बघून, मोजून आणि रेखाटून होतं.

माळ्यावर वटवाघळं आहेत का ते घरमालकाला आधीच विचारा. ब्रिटनमध्ये त्यांच्या सगळ्या जातींना कायद्याचं संरक्षण आहे आणि त्यांच्या वस्तीला त्रास देणं गुन्हा आहे. विष्ठा दिसली तर काम थांबवा.

बरोबर घ्यायच्या वस्तू: दोन विजेऱ्या (त्यातली एक तिरपा प्रकाश टाकण्यासाठी), ५ मीटरची टेप, जमल्यास लेझर मापक, ओळंबा, कडक पेन्सिल, आलेखकागद, धूळ अडवणारा मास्क, गुडघ्यांना पट्ट्या. नकाशा १:५० ला, आडवे छेद १:२० ला आणि सांधे १:५ ला काढा. दोघं जण हवेत, कारण माळ्यावर एकट्याने चढू नये.

नावं देण्याची पद्धत पहिल्याच कागदावर ठरवा. एका टोकापासून आडव्या चौकटींना (घराच्या रुंदीत उभ्या असलेल्या, दुसरी पायरी बघा) १, २, ३ असे आकडे द्या, लांब भिंतींना 'पुढची' आणि 'मागची' म्हणा, आणि पुन्हा बदलू नका. निम्म्या वाटेवर आकडे बदलले की नंतर कुठली खाच कुठल्या खांबातली हे कुणालाच सांगता येत नाही.

## १ . बाहेरून: अर्धा तास, जास्त नाही

बाहेरून घर जे दाखवतं त्यातलं बरंचसं नंतरचं असतं, म्हणून इथे रेंगाळू नका. चार गोष्टी टिपा.

छप्पर सलग आहे का? मधल्या भागात भिंत आत गेलेली आणि वळचणीखाली वक्र आधार दिसत असतील तर वील्डन घराची शक्यता मोठी. धुराडं छपराच्या कुठल्या भागातून बाहेर येतं? पुढची भिंत विटांची किंवा कौलं टांगलेली असेल तर बाजूची आणि मागची भिंत बघा. १७व्या शतकाच्या अखेरीपासून पुढे असे मुखवटे बरेच चढले आणि मागे सांगाडा तसाच राहिला. शेवटी, खालच्या आणि वरच्या मजल्याच्या भिंतींची जाडी खिडकीच्या कडेपाशी मोजा. खालची भिंत बरीच जाड आणि वरची पातळ निघाली, तर पुढे काढलेल्या मजल्याखाली नंतर विटांची भिंत घालून दर्शनी बाजू सपाट केलेली असू शकते. खरी जुनी भिंत तेव्हा आत, पाऊण हातावर शोधायची असते.

सावधान: काळी लाकडं आणि पांढरे चौकोन म्हणजे जुनेपणाचा पुरावा नव्हे. काळा रंग किंवा डांबर फासण्याची आवड मुख्यतः १९व्या शतकातली. ओक पूर्वी बहुधा तसंच सोडलेलं असे, किंवा भिंतीबरोबर त्यावरही चुन्याचा हात फिरे.

## २ . खण मोजा

वाडा वाचायची सवय असलेल्यांना ही पायरी सोपी जाते, कारण एकक तेच आहे. दोन आडव्या चौकटींमधलं अंतर म्हणजे एक खण. आडवी चौकट म्हणजे समोरासमोरचे दोन मुख्य खांब आणि त्यांना डोक्यावर जोडणारी मोठी तुळई, जिला इथे टाय-बीम म्हणतात. खांबांच्या डोक्यावरून घराच्या लांबीच्या दिशेने जाणारी तुळई म्हणजे वॉल-प्लेट.

फरकही लक्षात ठेवा. आपल्याकडे खांब दगडी तळखड्यावर उभा असतो. इथे तो जमिनीलगतच्या आडव्या लाकडात, 'सिल'मध्ये, कुसवाने (खाचेत बसेल असं कापलेल्या टोकाने) बसतो आणि ते लाकूड विटांच्या किंवा दगडाच्या बुटक्या जोत्यावर असतं. ओल लागून सिल कुजलं की लोक ते काढून तिथे विटा भरतात. त्यामुळे खालची खूण नसेल तर घाबरू नका, वरची बघा.

क्रम असा:

१. वरच्या मजल्यावर जा. खाली गिलावा आणि लाकडी आवरणं फार असतात. वर मुख्य खांबांची डोकी बहुतेक वेळा उघडी दिसतात.

२. मुख्य खांब ओळखा. तो डोक्याकडे रुंद होत जातो. झाडाचा बुंधा वर करून खांब उभा केलेला असतो, कारण त्या रुंद डोक्यात वॉल-प्लेट आणि टाय-बीम या दोन्हींसाठी वेगवेगळी कुसवं काढायची असतात. रुंद डोकं नसलेली उभी लाकडं म्हणजे स्टड. ती भिंत भरतात आणि खण ठरवताना मोजायची नसतात.

३. प्रत्येक खणाचं अंतर खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, पुढच्या आणि मागच्या दोन्ही भिंतींत.

४. मापं एका ओळीत लिहा. नमुन्यादाखल: ३.० मी., ३.४ मी., ३.२ मी., ३.६ मी.

इथली नेहमीची चूक म्हणजे 'मध्ययुगीन खण १६ फुटांचा' हे कुठेतरी वाचलेलं वाक्य धरून बसणं. खण एकाच घरातही कमीजास्त असतात, आणि उपयोगी माहिती त्या फरकातच असते. चार खणांत एखादा अगदी अरुंद निघाला, तर तो धूर वर जायला सोडलेला खण असू शकतो, किंवा समोरासमोरच्या दोन दारांमधली आडवी वाट.

तपासा: खणांच्या बेरजेत दोन्ही टोकांच्या खांबांची अर्धी-अर्धी जाडी मिळवली की ती बाहेरून मोजलेल्या घराच्या लांबीशी जुळते का? १० सें.मी.हून जास्त फरक असेल तर कुठेतरी दुहेरी चौकट लपलेली असू शकते. पाठीला पाठ लावून दोन चौकटी उभ्या असणं ही घराला नंतर भाग जोडल्याची सर्वांत भरवशाची खूण आहे.

## ३ . सांधे: सगळं काम इथे आहे

या पायरीला बाकी सगळ्या पायऱ्यांइतका वेळ द्या. सांगाडा कच्च्या ओकचा असतो, तोडून फार दिवस न झालेल्या लाकडाचा. सुताराने तो अंगणात आडवा मांडून एकेक सांधा त्या-त्या जोडीसाठी कापलेला असतो. म्हणून कुठलाही तुकडा दुसऱ्या जागी सहज बसत नाही, आणि हलवला गेला की खूण राहते.

चांगली बाजू शोधा. प्रत्येक चौकटीची एक बाजू सुताराने मोजमापासाठी वर ठेवलेली असते. त्या बाजूला सगळी लाकडं एका पातळीत येतात, खुंट्या त्याच बाजूने ठोकलेल्या असतात आणि सुताराचे आकडेही तिथेच असतात. बाहेरच्या भिंतींमध्ये ही बाजू बहुधा बाहेर असते, आतल्या आडभिंतीत बहुधा महत्त्वाच्या खोलीकडे. एका चौकटीची चांगली बाजू बाकीच्यांच्या उलट निघाली तर तिथे पूर्वी घराचं टोक होतं का हे विचारा.

सुताराचे आकडे वाचा. तिरपा प्रकाश टाका. हे आकडे रोमन पद्धतीचे, सरळ रेघांचे असतात. चार म्हणजे बहुधा चार उभ्या रेघा. आकडा उलटाही वाचला जाऊ शकतो, म्हणून आहे तसा रेखाटून घ्या, अर्थ नंतर. खांबावर आणि त्याला भिडणाऱ्या ब्रेसवर (ब्रेस म्हणजे चौकट ताठ ठेवणारं तिरपं लाकूड) एकच आकडा हवा. दोन वेगळे दिसले तर त्यांतलं एक लाकूड बदललेलं किंवा हललेलं आहे. मोठ्या, ओरखडून काढलेल्या रेघा सहसा आधीच्या. पटाशीने ठोकलेले लहान नीटस आकडे सहसा नंतरचे. 'सहसा' हा शब्द अहवालातही ठेवा.

कर्काटकाने काढलेली सहा पाकळ्यांची फुलं, एकात एक अडकलेले दोन व्ही, चुलीवरच्या तुळईवर थेंबासारख्या जळक्या खुणा हे सुताराचे आकडे नव्हेत. ती घराला बाधा होऊ नये म्हणून केलेली चिन्हं समजली जातात. जळक्या खुणा बघून 'इथे आग लागली होती' असं लिहू नका.

रिकामी खाच. सर्वांत जास्त चुका इथे होतात. रिकामी खाच दिसली की चार प्रश्न, याच क्रमाने:

१. खुंटीचं भोक आहे का? असेल तर तिथे सांगाड्याचा पक्का भाग होता. खुंटी नसलेल्या खाचेत हलका स्टड असू शकतो.

२. खाचेचा तळ कसा आहे? एक टोक तिरपं उतरतं असेल तर ती ब्रेसची खाच. उतार कुठल्या दिशेला आहे त्यावरून ब्रेस खांबावरून वर जात होता की खाली ते कळतं.

३. आत जुनं कुसू शिल्लक आहे का? कुसू आणि खुंटी दोन्ही आत असून लाकूड खाचेच्या तोंडाशी कापलेलं दिसलं, तर ते भाग जागेवरच करवतीने काढून टाकलेले आहेत, बहुतेक दार किंवा खिडकी करायला.

४. समोरच्या लाकडात जोडीची खाच आहे का? असेल तर हरवलेला भाग याच घरातला होता. नसेल, तरच लाकूड दुसऱ्या इमारतीतून आणल्याचा विचार करा.

हे चार प्रश्न विचारले की जहाजाच्या गोष्टीला जागा उरत नाही. रिकाम्या खाचा असलेल्या बहुतेक तुळया आपल्या मूळ जागीच असतात. त्यांच्यावरची भिंत तेवढी गेलेली असते. वक्र लाकडंही जहाजाची म्हणून वक्र नसतात. वाकडं वाढलेलं ओक ब्रेससाठी मुद्दाम निवडत. समुद्रापासून लांबच्या गावात तर ओकच्या राया दाराशी असताना जहाजाचं लाकूड ओढून आणायला कारणच नव्हतं.

कापणीच्या खुणा. कुऱ्हाडीने तासलेल्या लाकडावर उथळ, रुंद घाव दिसतात. हातकरवतीच्या खुणा सरळ पण अनियमित असतात. एकसारख्या वक्र रेषा म्हणजे गोल यांत्रिक करवत, म्हणजे १९व्या शतकातली किंवा त्यानंतरची दुरुस्ती.

तपासा: आतापर्यंत एकही तारीख कागदावर नसावी. असेल तर खोडा.

## ४ . हरवलेल्या भिंती, दारं आणि खिडक्या

या घरांच्या भिंती म्हणजे आपला कूडच. कोकणात कारवीच्या काठ्या, इथे ओकच्या उभ्या कामट्यांत विणलेल्या हेझलच्या फोका, आणि वर माती, पेंढा व शेणाचा लेप. भिंत गेली तरी तुळईच्या पोटात तिच्या खुणा राहतात.

तुळयांच्या खालच्या अंगाला विजेरी धरा. गिरमिटाने पाडलेल्या भोकांची ओळ दिसली तर तिथे कुडाची भिंत होती. खालच्या लाकडात भोकांऐवजी सलग खोबण असते. कामटीचं वरचं टोक भोकात घालून खालचं खोबणीत सरकवत. भोकांच्या ओळीत मधेच मोकळी जागा सुटली असेल तर तिथे दार होतं. ती जागा साधारण पाऊण ते एक मीटर असून दोन्ही कडांना खुंट्यांची भोकं असतील तर शंका उरत नाही.

तिरपे ठेवलेले चौकोनी खळगे, पत्त्यातल्या चौकटसारखे, एका ओळीत आले की ती काच नसलेली खिडकी. त्या खळग्यांत उभे गज होते. शेजारून खोबण जात असेल तर ती सरकत्या लाकडी झडपेची.

हॉलच्या खालच्या टोकाकडे, म्हणजे कोठ्यांच्या बाजूकडे, आता विशेष बघा (वरचं टोक म्हणजे घरधन्याच्या खोलीची बाजू). समोरासमोर दोन बाहेरची दारं आणि त्यांना जोडणारी आडवी वाट. तिच्या एका बाजूच्या आडभिंतीत शेजारी-शेजारी दोन दारांच्या खुणा मिळाल्या, तर त्यामागे पेयांची आणि पाव-कोरड्या शिध्याची अशा दोन कोठ्या होत्या. हे सापडलं की घराचं खालचं टोक आणि वरचं टोक ठरतं. पुढचं सगळं वर्णन त्यावर उभं राहतं, म्हणून ही खूण मिळेपर्यंत पाचव्या पायरीवर जायची घाई करू नका.

## ५ . छप्पर

माळ्यावर पाय फक्त तुळयांवर ठेवा. मधलं छत म्हणजे पट्ट्यांवरचा गिलावा असतो. तो माणसाचं वजन घेत नाही.

सर्वांत आधी आढं शोधू नका, कारण बहुधा ते नसतं. या भागातल्या साधारण १३०० ते १५०० दरम्यानच्या छपरांत वाशांची प्रत्येक जोडी शेंड्यावर एकमेकांत अर्धी कापून खुंटीने जोडलेली असते. जोडीच्या मधोमध एक आडवं लाकूड असतं, त्याला कॉलर म्हणतात. या सगळ्या कॉलरींच्या पोटाखालून घराच्या लांबीने एक तुळई जाते आणि तिला टाय-बीमवर उभा असलेला बुटका खांब, क्राउन-पोस्ट, तोलून धरतो. हा खांब शेंड्यापर्यंत जात नाही. जाणारा तो किंग-पोस्ट. या दोघांची नावं अदलाबदल करून लिहिली की अख्खा अहवाल चुकतो, आणि असे अहवाल बरेच दिसतात.

क्राउन-पोस्ट कोरीव, खाली-वर गोलाया काढलेला आणि चारी बाजूंना आधार फुटलेला असेल तर त्याच्याखाली उघडा हॉल होता; तो खालून दिसावा म्हणूनच नटवलेला. आडभिंतीवरचे क्राउन-पोस्ट साधे असतात.

मग काजळी. हॉलच्या मधे जमिनीवर आगटी असे आणि धूर छपरातून बाहेर पडे. वाशांवर मंद, जाडसर, सगळ्या बाजूंना बसलेला काळा थर शोधा. खात्रीसाठी:

– लाकडं एकमेकांना चिकटलेली जागा, किंवा जुन्या पट्ट्यांखालची जागा स्वच्छ आहे का? असेल तर काजळी सांगाडा उभा राहिल्यानंतरची.

– आडभिंतीची एक बाजू काळी आणि दुसरी फिकट आहे का? काळी बाजू हॉलची.

– एक वासा काळा आणि शेजारचा स्वच्छ असेल, किंवा रिकाम्या सांध्याच्या आत काजळी असेल, तर वासे उतरवून पुन्हा चढवलेले आहेत.

सावधान: टोकाच्या खणांत हलकी काजळी दिसली म्हणून तिथेही उघडा हॉल होता असं लिहू नका. आडभिंत शेंड्यापर्यंत बंद नसेल तर धूर पलीकडेही पसरतो. थराची जाडी ताडून बघा.

आणि काजळी पुसू नका, कुणाला पुसू देऊ नका. वाळूच्या फवाऱ्याने 'लाकूड मोकळं' करणारे कारागीर काजळी, सुताराचे आकडे आणि कुऱ्हाडीचे घाव तिन्ही एका दिवसात घालवतात. परत मिळवता येणारं त्यात काही नसतं.

माळ्यावरून उतरताना मधल्या टाय-बीमकडे नजर टाका. हॉलमध्ये मजला घातल्यावर हा मोठा टाय-बीम वरच्या खोलीत छातीच्या उंचीवर येतो, आणि दारासाठी जागा करायला लोकांनी तो मधून कापलेला असतो. कापलेला दिसला तर त्या खणात ओळंबा लावून दोन्ही भिंतींचा बाहेरचा कल मोजा. जुना, थांबलेला कल या घरांत नेहमीचा आहे आणि तो सरळ करायला जायचं नसतं. पण कापलेला टाय-बीम आणि गिलाव्याला ताज्या भेगा एकत्र दिसल्या तर काम थांबवून जुन्या लाकडी इमारतींचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

## ६ . नंतर घातलेला मजला आणि धुराडं

१६व्या आणि १७व्या शतकांत उघड्या हॉलमध्ये मजला घातला गेला. तो मूळचा नाही हे तीन गोष्टींवरून कळतं. त्याची मुख्य तुळई जुन्या खांबात खुंटीच्या सांध्याने न बसता जोड-आधारावर किंवा धुराड्याच्या विटांवर टेकलेली असते. त्याची पातळी टोकांच्या मजल्यांशी अनेकदा जुळत नाही, म्हणून वर मधेच एखादी पायरी लागते. आणि तक्त्यांखालची लाकडं वेगळी असतात: टोकांच्या मूळ मजल्यात ती रुंद अंगावर आडवी झोपलेली, साधारण २० × १३ सें.मी.; नंतरच्या मजल्यांत बारीक होत जाऊन उभ्या अंगावर.

धुराड्याभोवती वासे कसे कापले आहेत ते माळ्यावरून बघा. काळे वासे कापून त्यांना पेलायला घातलेली लाकडं स्वच्छ असतील, तर क्रम उघड आहे: आधी धूर, मग धुराडं. कधी या दोहोंमध्ये आणखी एक टप्पा असतो. हॉलचा एक अरुंद खण तेवढा धुरासाठी सोडून बाकीच्यावर मजला घातलेला. त्या खणाच्या दोन्ही कुडांची आतली बाजू काळी असते. दुसऱ्या पायरीतला अरुंद खण इथे आठवा.

चुलीवरच्या तुळईत कोरलेलं साल फार तर त्या तुळईचं. बरेचदा ते लग्नाचं किंवा दुरुस्तीचंही असतं.

## ७ . टप्पे मांडा

नकाशाच्या चार प्रती घ्या. पहिलीवर फक्त तेच भाग रंगवा जे खुंटीच्या सांध्यांनी एकमेकांत अडकलेले आहेत. दुसरीवर त्यांना टेकलेले. तिसरीवर त्यांना कापून घातलेले. चौथीवर विटा, आधुनिक दारं, विजेची कामं. 'अडकलेलं', 'टेकलेलं', 'कापलेलं' हे तीन संबंध तारखांपेक्षा पक्के असतात. शैली फसवू शकते. कापलेलं लाकूड कापणाऱ्याच्या आधीचं असतंच.

डोळा तयार करायला सिंगलटन (पश्चिम ससेक्स) इथल्या वील्ड अँड डाउनलँड लिव्हिंग म्युझियममधलं बे-लीफ शेतघर बघा. ते केंटमधल्या चिडिंगस्टोनहून तलावासाठी हलवलेलं आहे. समोरून दोन्ही टोकं सारखी दिसतात, पण हॉल आणि कोठ्यांचं टोक १५व्या शतकाच्या सुरुवातीचं, तर वरच्या टोकाचा आजचा खण १६व्या शतकाच्या सुरुवातीचा. मधे सुमारे शंभर वर्षं आहेत. ही शंभर वर्षं समोरच्या रस्त्यावरून दिसत नाहीत, चौकटीतल्या सांध्यांत दिसतात.

## ८ . आता काळ

सांधे, छपराचा प्रकार आणि कडांची छाटणी यांवरून पन्नास ते शंभर वर्षांचा पट्टा मिळतो. त्यापेक्षा नेमकं हवं असेल तर वृक्षवलयं, म्हणजे खोडात दरवर्षी वाढणारी वलयं, मोजायची. त्यासाठी बारीक पोकळ गिरमिटाने नमुने काढावे लागतात आणि यादीतल्या इमारतीत आधी परवानगीचं विचारावं लागतं. प्रत्येक टप्प्यातली ८ ते १० लाकडं सुचवा. सातवी पायरी न करता नमुने घेतले तर दुरुस्तीच्या लाकडाची तारीख अख्ख्या घराला चिकटते.

निवडताना वलयं किमान पन्नास, शक्यतो सत्तर-ऐंशी असलेली आणि सालीखालचं फिकट, कोवळं लाकूड शिल्लक असलेली लाकडं बघा. भराभर वाढलेल्या, मोजकी वलयं असलेल्या ओकला ही पद्धत लागू पडत नाही. अशा नमुन्यांसाठी स्वान्सी विद्यापीठात विकसित झालेली ऑक्सिजन समस्थानिकांची (वलयांतल्या ऑक्सिजनच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचं प्रमाण मोजणारी) पद्धत उपयोगी पडते.

निकाल असा वाचा. दक्षिण इंग्लंडच्या ओकमध्ये कोवळ्या लाकडाची वलयं बहुतेक ९ ते ४१ असतात. समजा, गाभा संपून कोवळं लाकूड सुरू होण्याची सीमा १४४० ला आली आणि पुढचं तुटून गेलं आहे. मग झाड तोडलं ते १४४९ ते १४८१ दरम्यान. सीमाच तासली गेली असेल आणि शेवटचं मिळालेलं वलय १४४० चं असेल, तर फक्त '१४४९ नंतर' इतकंच म्हणता येतं. किती नंतर ते नाही. साल लागलेली कड मिळाली तरच नेमकं वर्ष, आणि बरेचदा ऋतूही. अहवालात या तिन्हींतला कुठला प्रकार आहे ते लिहा. 'हे घर १४४० चं' असं वाक्य यांपैकी एकाही निकालातून निघत नाही.

लाकूड कच्चंच वापरत असल्यामुळे तोड आणि उभारणी यांत सहसा वर्ष-दोन वर्षांचं अंतर असतं. पण हे मूळ जागी असलेल्या लाकडाबद्दल. तिसऱ्या पायरीतल्या चौथ्या प्रश्नाला 'जोडीची खाच नाही' असं उत्तर आलेल्या तुळईचा नमुना या गणितात धरू नका.